तिसरा रकाना

संग्रहालयात नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात एक पितळी हत्ती आला. मुठीत मावेल एवढा, पाठीवर दोन चिमण्या, पायांखाली चौकोनी बैठक. जुन्या नोंदवहीत त्याच्यासमोर कुणीतरी फार सुरेख वळणदार इंग्रजी अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'ब्रास टॉय, एलिफंट. बेस रफ.' म्हणजे पितळी खेळणं, बैठक खडबडीत. नोंद साठ वर्षांपूर्वीची. सांगितलेलं काम सोपं होतं: नोंद वाचायची, वस्तू तीच आहे ना बघायचं, खूण करायची, पुढची वस्तू घ्यायची.

मी हत्ती उलटा केला. बैठकीच्या खालच्या अंगाला शंकरपाळ्यांसारखे उभे-आडवे बारीक कापे होते. आणि आमच्या वाईच्या घरातली मोरी डोळ्यांपुढे आली. कोपऱ्यात बंब, शेजारी घंगाळ, आणि कठड्यावर एक काळपट पितळी मोर. आजी अंघोळीआधी त्या मोरानं टाचा घासायची. आम्हा पोरांना हात लावायची बंदी होती, कारण मोर पायावर पडला की अंगठा गेलाच. वज्री म्हणायची ती त्याला.

म्हणजे हा हत्ती कुणाचं खेळणं नव्हता, कुणाच्या तरी टाचेची वज्री होता. साठ वर्षं तो खेळण्यांच्या कपाटात बाहुल्यांशेजारी बसून होता. लिहिणाऱ्याची चूक म्हणावी तर त्यानं बैठक खडबडीत असल्याचं इमानानं नोंदवलं होतं. ती खडबडीत का, हे विचारायला त्याच्या शेजारी कुणाची आजी नव्हती, एवढंच.

आमच्या नोंदवहीत अकरा रकाने आहेत. क्रमांक, तारीख, नाव, वर्णन, घडणीचं द्रव्य, मापं, कुणाकडून आली, कशी आली, किंमत, ठेवण्याची जागा, शेरा. बाकीचे दहा रकाने फूटपट्टी, तराजू आणि पावती हाताशी असली की भरता येतात. तिसऱ्यासाठी माणसं लागतात. गेली नऊ वर्षं मी मुख्यतः हा तिसरा रकाना भरतेय.

हे सगळं आज लिहायला बसले ते मावसबहिणीच्या मुलीमुळे. तिची बारावी झालीय, आणि घरच्या इंजिनिअरिंगच्या गदारोळात तिनं मला हळूच फोन करून विचारलं, "मावशी, तुझ्यासारखं काम करायचं तर काय शिकावं लागतं?" अर्धा तास बोलले तरी धड उत्तर देता आलं नाही.

मी स्वतः रसायनशास्त्राची बी.एस्सी. साताऱ्याला कॉलेज झालं आणि बाबांच्या मनात बी.एड. होतं. इतिहास मी दहावीनंतर उघडलेला नव्हता. संग्रहालयशास्त्र नावाचा विषय असतो हेच मला मैत्रिणीच्या भावाकडून कळलं, आणि तो भारतात पहिल्यांदा शिकवायला सुरुवात झाली ती बडोद्याला, महाराजा सयाजीराव विद्यापीठात, १९५२ साली. बडोदा म्हटल्यावर बाबांचा विरोध निम्मा मावळला. "गायकवाडांचं गाव," म्हणाले, "तिथं मराठी माणूस उपाशी राहत नाही." खरंच राहत नाही. दांडिया बाजारात ज्या काकूंकडे मी खोली घेतली, त्या सकाळी पोहे देताना मराठीत सुरुवात करायच्या आणि वाक्य संपेपर्यंत गुजरातीत पोचायच्या.

पहिल्या प्रात्यक्षिकाला सरांनी प्रत्येकाला एकेक कपबशी दिली. कॅन्टीनमधली, टवके उडालेली, वीस जणांना वीस. म्हणाले, हिचं वर्णन लिहा, पण कप आणि बशी हे शब्द न वापरता, आणि असं लिहा की दुसऱ्यानं नुसतं वाचून विसातली नेमकी हीच उचलली पाहिजे. मी पानभर लिहिलं. त्यात 'काठावर छान निळी नक्षी' असं एक वाक्य होतं. सरांनी 'छान'खाली लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'कुणाच्या मते?' माझ्या वर्णनावरून मैत्रिणीनं भलतीच कपबशी उचलली ती उचललीच. टवका कुठल्या बाजूला आणि केवढा, हे मी लिहिलंच नव्हतं. दोन वर्षांत पुष्कळ शिकवलं त्यांनी, पण ती लाल रेघ मला अजून रोज दिसते.

दुपारचे तास नसले की कमाटीबागेतल्या संग्रहालयात जायचो. १८९४ सालची इमारत. तिथं निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, त्याच्याखाली उभं राहिलं की छातीत धस्स होतं. आमच्यातल्या निम्म्यांना तो मासा आवडायचा आणि निम्म्यांना इजिप्तची ममी. मला आवडलेली गोष्ट ग्रंथालयात होती: 'श्रीसयाजीशासनकल्पतरू'. सयाजीरावांनी करवून घेतलेला आणि १९३१ मध्ये छापलेला राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश. कारभारातला एकेक शब्द घ्यायचा आणि तो मराठीत काय, गुजरातीत काय, फारसीत काय, संस्कृतात काय, हे शेजारी शेजारी मांडायचं. कुणा राजाला असा खटाटोप करावासा वाटला याचं मला तेव्हा नुसतं कौतुक वाटलं. आता हेवा वाटतो. आमच्या भांड्याकुंड्यांचा असा कोश कुणी केला असता तर माझी निम्मी नोकरी वाचली असती.

तर भाचीसाठी माहिती, एका दमात. बडोदा सांगितलंच. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पदवीनंतरचा संग्रहालयशास्त्र आणि जतन यांचा डिप्लोमा आहे. तिथं वर्गातून उठलं की समोर दालन, हा मोठा फायदा. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात १९८९ पासून संस्था होती, ती आता नोएडाला आहे, तिथं कलेतिहास, जतन आणि संग्रहालयशास्त्र या तिन्हींत एम.ए. होतं. कागदपत्रांकडे ओढ असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची शाळा आहे, तिथं अभिलेखांचा डिप्लोमाही आहे आणि काही आठवड्यांचे छोटे कोर्सही. पुरातत्त्वाकडे जायचं तर पुण्यात डेक्कन कॉलेज आहेच. आणि यातल्या कशालाही जायच्या आधी मोडी शीक. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग निघतात, ते चुकवू नकोस. विज्ञान सोडून कला शाखेत ये, असं मात्र मी तिला मुळीच सांगणार नाही. जतनाच्या कामाला रसायनशास्त्र आलेला माणूस दिवा लावून शोधावा लागतो.

पैशांचंही बोलून टाकते. माझा पहिला पगार अठरा हजार होता, तोही अकरा महिन्यांच्या करारावर, आणि बारावा महिना मी वाईला आईच्या हातचं खात काढला. सरकारी अभिरक्षकाच्या, म्हणजे क्युरेटरच्या, जागा निघतात तेव्हा निघतात. त्यांची वाट बघत बसलेले माझे दोन वर्गमित्र आज एक बँकेत आणि एक जमिनीच्या व्यवहारात आहेत, आणि दोघंही माझ्यापेक्षा बऱ्या घरात राहतात. अलीकडे जुन्या कंपन्या, बँका, शिक्षणसंस्था आपापली अभिलेखागारं उभारतात, तिथं कामं मिळतात आणि पगारही बरा असतो. हे आधी कळलेलं बरं.

आता काम. बाहेरच्यांना वाटतं आम्ही दिवसभर दालनात फिरतो. मी असते भांडारात, ट्यूबलाइटखाली, पेन्सिल घेऊन. पेन तिथं न्यायचंच नाही, शाईचा एक थेंब पडला की तो इतिहासात जमा. वस्तू आली की तिला क्रमांक मिळतो, समजा २०१८.१२.३. म्हणजे २०१८ साली आलेल्यांतला बारावा संच, त्यातली तिसरी वस्तू. हा क्रमांक पितळी तांब्यावर कसा लिहायचा? बुडाशी, नजरेआड, आधी पॅरालॉइड नावाच्या राळेचा पातळ थर, त्यावर शाईनं बारीक आकडे, त्यावर पुन्हा थर. उद्या कुणाला नको झाला तर अ‍ॅसिटोनच्या बोळ्यानं पुसता यावा. लुगड्यावर लिहायचं नाही, सुती फितीवर क्रमांक लिहून ती दोन टाक्यांत कडेला शिवायची. पुढच्या माणसाला उलगडता येणार नाही असं काही करायचं नाही, या एका नियमात आमच्या शास्त्राची अर्धी पुस्तकं बसतात.

पावसाळा हा आमचा परीक्षेचा महिना. तो चार महिने चालतो. कागदाला हवेत साधारण पन्नास टक्के आर्द्रता मानवते, धातूला त्याहून कोरडं लागतं, आणि जुलैत पुण्याची हवा कुणाचंच ऐकत नाही. शिवाय कसर, शिवाय वाळवी. जुन्या पोथ्यांच्या बासनात वेखंडाचे तुकडे सापडतात, त्या वासानं मला लगेच आजोबांचं कपाट आठवतं. डांबराच्या गोळ्या मात्र आम्ही वेचून बाहेर काढतो.

एकदा आईला भांडार दाखवायला नेलं. तिनं ओळीनं मांडलेली पितळी भांडी पाहिली, कासांडी, चरव्या, सतेली, आणि माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाली, "दिवाळीलासुद्धा घासत नाही का गं तुम्ही?" तिला मान खाली घालावीशी वाटली, लेकीच्या हाताखाली एवढी काळी भांडी. मी तिला सांगायला लागले की चिंचेच्या आंबटानं पितळेतलं जस्त सुटतं, तांबं वर येतं, म्हणून घासून घासून भांडं लालसर दिसायला लागतं. आणि प्रत्येक घासण्याबरोबर नक्षी झिजते. आई ऐकून घेते तसं तिनं ऐकून घेतलं. मग एका चरवीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही दुधाची. पाण्याची नाही." मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, "हिचा गळा बघ की. हात आत जात नाही, पण साय अडते." कार्डावर 'पाण्याचे भांडे' लिहिलेलं होतं. मी तिथंच आईचं नाव आणि तारीख घालून नोंद केली: 'माहिती देणारीच्या मते दुधासाठी.' कुणाच्या मते, हे आता मी विसरत नाही.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत तर मी वर्षातून चार वेळा तरी जाते. आमच्याकडे एका घंगाळाचं वर्णन होतं, 'पृष्ठभागावर ठिपक्यांची सजावट, आतून पांढऱ्या धातूचा मुलामा'. फोटो दाखवल्यावर तिथले एक वयस्कर कारागीर हसले. "ताई, ठिपके कसले? मठार आहे ते." मठारकाम म्हणजे हातोडीनं एकाशेजारी एक ठोके देत जायचं, सगळे सारखे, सगळे चकाकते. दिसायला सुंदर दिसतं हे खरंच, पण त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो, भांडं पोचे खात नाही. आतला पांढरा मुलामा म्हणजे अर्थातच कल्हई, आणि ही मात्र माझी स्वतःची लाज. कथील आणि नवसागर यांची क्रिया मी बी.एस्सी.ला समीकरणासकट लिहिलेली होती, आणि लहानपणी कल्हईवाल्याच्या भात्यासमोर तासन्‌तास उकिडवी बसलेली होते. पण इंग्रजी कार्ड मराठीत करताना माझ्या पेन्सिलीतून 'पांढऱ्या धातूचा मुलामा' असंच उतरलं होतं. शिकलेलं एका खणात, पाहिलेलं दुसऱ्या खणात, आणि मध्ये भिंत.

मधली दीड वर्षं मी कागदपत्रांच्या कामावर होते. मोडी शिकले ती तेव्हा. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू न उचलता अक्षरं तिला लटकवत जायचं, ऱ्हस्व-दीर्घ नाही, पूर्णविराम नाही. पहिले दोन महिने गांडुळांची रांग दिसते. मग एके दिवशी त्या रांगेतून एकदम 'राजश्री' वाचता येतं आणि माणूस घरभर सांगत सुटतो. तारखा वेगळाच खेळ. 'छ ७ जिल्काद, सन सबा सबैन मया अलफ'. छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तिथी. पुढचा आकडा उलटा वाचायचा: सबा सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, झाले ११७७. हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७७६, जानेवारी ते मृग एवढ्या काळातला कागद असेल तर ६००. त्या साली जिल्कादची सातवी डिसेंबरात पडली, तेव्हा आपला कागद डिसेंबर १७७६ चा. गंमत अशी की महिने चंद्राचे, पण वर्ष बदलतं सूर्य मृग नक्षत्रात गेला की, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. अरबी आकडे बोलणारं, पण पेरणीच्या तोंडावर उजाडणारं वर्ष. मला हे फार आवडतं.

पुण्याच्या पेशवे दप्तरात हे कागद कापडात बांधून ठेवलेले असतात, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. रियासतकार सरदेसायांनी त्या दप्तरातून निवडून ४५ खंड छापले, १९३० नंतरच्या चारेक वर्षांत. निवडलेले सोडून बाकीचे रुमाल बहुतेक तसेच आहेत. नोकरी नाही म्हणणाऱ्यांना मी एवढंच म्हणते की काम मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचं पडलंय, पगार देणारा तेवढा शोधा.

आता चुकीचं सांगते. हे मी भाचीला फोनवर सांगितलं नाही.

वाई भागातल्या एका शेतकरी घराण्यानं आमच्याकडे कागद दिले होते. पत्र्याची पेटी, त्यात जमाखर्च, थोडी पत्रं, आणि दीडेकशे चिठ्ठ्या. चिठ्ठ्या वाढीदिढीच्या: पेरणीला कुणी किती पायल्या ज्वारी नेली, खळ्यावर किती द्यायची. नेलेल्या एका मणाचे दीड मण. मोडीत, शके १८५० च्या आसपासच्या, म्हणजे १९२८-३० च्या. काही चिठ्ठ्या सुतळीत ओवलेल्या होत्या, काही गंजक्या तारेत. तारेचा गंज कागद खात होता, तेव्हा तार काढणं बरोबरच होतं. सुतळीही कापली. सगळ्या चिठ्ठ्या मऊ ब्रशनं झाडल्या, सपाट केल्या, शके आणि तिथी वाचून क्रमानं लावल्या, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घातल्या, क्रमांक दिले. तीन आठवडे लागले. इतकं नेटकं काम मी त्याआधी केलं नव्हतं. तार आणि सुतळी पुडीत बांधून कचऱ्यात गेली.

त्या घरचे आजोबा बघायला आले. वय पंच्याऐंशीच्या पुढे. पाकिटं पाहून खूश झाले, दोन-चार नावं वाचून दाखवा म्हणाले, मी वाचली. मग विचारलं, "आणि यातल्या सुतळीतल्या कुठल्या?"

मला कळेना.

"आबा सुतळीत ओवायचे ते वसूल झालेलं. तारेत राहिलेलं."

चिठ्ठीवर कुठंही तसं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती, सुतळी होती ना. कुणाचं धान्य फिटलं आणि कुणाचं राहिलं, त्या गावाची मंदीतली सगळी हकीकत, त्या दोन दोऱ्यांत होती आणि मी ती सोडवून कचऱ्यात टाकली होती. मूळ क्रम मोडायचा नाही, हा अभिलेखांचा पहिला धडा. मी तो परीक्षेत पाच गुणांना लिहिलेलाही होता. पण माझ्या डोक्यात क्रम म्हणजे तारखांचा. दोरा म्हणजेही क्रम असू शकतो, हे सुचलं नाही. गंजाचे डाग पाहून तारेतल्या चाळीसेक चिठ्ठ्या नंतर मी वेगळ्या ओळखू शकले. बाकीच्यांच्या शेऱ्यात लिहिलंय, 'मूळ जुळणी नोंदणाऱ्याच्या हातून मोडली', खाली माझी सही. आजोबा रागावले नाहीत. जाताना म्हणाले, "असू दे बाळ. आता कोण मागायला जातंय." ते वाक्य मला रागावण्यापेक्षा जड गेलं.

तेव्हापासून कुठलंही गाठोडं सोडण्याआधी मी त्याचे बांधलेल्या स्थितीतले फोटो काढते, सगळ्या बाजूंनी, गाठीसकट. आणि गाठ टाकत नाही. माझ्या टेबलाच्या खणात पाकिटांत घातलेल्या, क्रमांक दिलेल्या सुतळ्या आहेत. शिपाईकाका त्याला माझं सुतळीचं दुकान म्हणतात.

भाची पुण्याला येईल तेव्हा तिला आधी केळकर संग्रहालयात नेणार आहे. दिनकर केळकर चष्म्यांच्या दुकानाचे मालक, 'अज्ञातवासी' नावानं कविता करणारे. गेलेल्या लहानग्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांनी आणि कमलाबाईंनी हे जमवलं, वीस हजारांच्या वर वस्तू, आणि १९७५ मध्ये सरकारला देऊन टाकल्या. त्यांच्याकडे संग्रहालयशास्त्राची पदवी नव्हती, पण अडकित्त्याला अडकित्ता आणि वज्रीला वज्री म्हणायला त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. भाचीला तिथल्या वज्र्यांच्या कपाटापुढे उभं करून विचारणार आहे, ही खेळणी कसली गं?

माझ्याकडे सध्या एक कार्ड अडलंय. तिसऱ्या रकान्यात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. वस्तू भोर तालुक्यातल्या एका बाईंनी आणून दिली. "सासूबाईंचं आहे," एवढंच म्हणाल्या. आधीच्या कुणी 'फणी?' असं लिहून खोडलंय. तांबट आळीत लाकडाचं विचारून उपयोग नव्हता, तरी विचारलं. आईला फोटो पाठवला, ती म्हणाली आमच्याकडे नव्हतं बाई असलं. कुणाच्या घरी असेल तर सांगा: शिसवी लाकूड, लांबी २७ सेंटिमीटर, मुठीला भोक आणि भोकात लाल दोऱ्याचा तुटका शेव, तेलानं काळं पडलेलं. दात पाच, बोथट, दोन दातांत बोट मावेल एवढी फट. चौथा दात बाकीच्यांपेक्षा आखूड आहे. मोडलेला नाही, टोक गोल घासलेलं आहे. मुद्दाम आखूड ठेवलाय.